कॅलेंडरवरचे खाडे: आजारी मांजरावर किती उपचार करायचे?

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडलेले असतात. दूध आलं नाही की त्या तारखेवर निळी फुली. ठकी आजारी पडली त्या वर्षी त्याच पानांवर हिरव्या फुल्याही दिसायला लागल्या. ठकी म्हणजे आमची पंधरा वर्षांची भाटी, आजार किडनीचा. ज्या दिवशी तिने आपणहून खाल्लं नाही, किंवा गॅलरीतल्या उन्हात जाऊन बसली नाही, किंवा बेल वाजल्यावर कोण आलंय ते बघायला दारापर्यंत आली नाही, तो तिचा खाडा. महिनाअखेर दूधवाल्याचा हिशेब व्हायचा, आणि तिचाही.

ही कल्पना तिच्या डॉक्टरांची. त्याआधी आम्ही एका दवाखान्यात "शक्य ते सगळं करा" म्हणून मोकळे झालो होतो. आजारी मांजराचा मालक हे वाक्य हमखास म्हणतो. त्यात प्रेम असतं, घाबरणं असतं आणि निर्णय दुसऱ्यावर टाकायची सोयही असते. ठकी तीन दिवस शेजारच्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकत पिंजऱ्यात, शिरेतून सलाईन. रिपोर्ट सुधारला. घरी आल्यावर मात्र ती दीड दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. उपचार चुकीचा नव्हता, किडनी अचानक बिघडते तेव्हा तो लागतोच. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे तेव्हा कळलं.

प्रत्येक उपचाराची दोन बिलं असतात. एक आपण भरतो, दुसरं मांजर भरतं: सुई, पिंजरा, गाडीचा प्रवास, जबरदस्तीने घशात ढकललेली गोळी. माणूस केमोथेरपी सोसतो कारण त्याला पुढच्या वर्षीचं नातवाचं बारसं दिसत असतं. मांजराला पुढचं वर्ष दिसत नाही. आजचा त्रास उद्यासाठी आहे हे त्याला सांगायची काही सोय नाही. म्हणून "याने किती जगेल?" याच्या जोडीला "याने त्याचा आजचा दिवस कसा जाईल?" हेही विचारावं लागतं.

संपणारा उपचार आणि न संपणारा उपचार

मांजराच्या वयाआधी मी एक गोष्ट बघते: या त्रासाला शेवट आहे का?

एफआयपी नावाचा आजार घ्या. बहुतेक वेळा कोवळ्या मांजरांना होतो. मांजरांमधला एक साधा कोरोनाविषाणू (कोविडचा नव्हे, त्याच्या लांबच्या भाऊबंदांतला) काही मांजरांच्या शरीरात रूप बदलतो. पोटात किंवा छातीत पाणी साठतं, ताप हटत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे मृत्युदंडच होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३१ मांजरं, रोज कातडीखाली एक इंजेक्शन, किमान १२ आठवडे. पाच मांजरं सुरुवातीच्या काळातच गेली किंवा त्यांना दयामरण द्यावं लागलं. २६ जणांनी १२ आठवडे पुरे केले. काहींना आजार उलटला, पुन्हा औषध द्यावं लागलं, पण अभ्यास छापून आला तेव्हा २४ जिवंत होती. कोविडमध्ये ज्यासाठी आपल्याकडे लोक रात्री-अपरात्री मेडिकल स्टोअर पालथी घालत होते त्या रेमडेसिविरचं शरीरात गेल्यावर होणारं रूप म्हणजेच हे औषध.

ते इंजेक्शन चांगलं झोंबतं. पिल्लू ओरडतं, ओरबाडतं, धरणाऱ्याच्या हातावर रोज नवी रेघ. आता तोंडाने द्यायच्या गोळ्याही आहेत. पण समजा इंजेक्शनच द्यावं लागलं, तरी वर्षाच्या मांजराला ८४ दिवस त्रास देऊन पुढे दहा-बारा वर्षं मिळण्याची चांगली शक्यता असेल तर मी त्याला टॉवेलात गुंडाळून खुशाल धरीन. इथे "बिचाऱ्याला किती टोचायचं" म्हणून मध्येच थांबणं मला पटत नाही.

ठकीचं तसं नव्हतं. जुनाट किडनीच्या आजारात उपचाराला शेवटची तारीख नसते, आज सुरू केलेलं औषध सहसा कायमचं. अशा ठिकाणी रोजचा त्रास हलकाच असला पाहिजे. उरलेलं सगळं आयुष्य त्याच रोजच्या दिवसांचं असणार आहे.

कॅन्सर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. आतड्यांचा सावकाश वाढणारा लिम्फोमा गोळ्यांवर बरेचदा वर्ष-दोन वर्षं आटोक्यात राहतो आणि मांजर त्या काळात बऱ्यापैकी मांजरासारखं जगतं. प्राण्यांमध्ये केमोचे डोस माणसांच्या मानाने सौम्य असतात, कारण तिथे दिवस बरे जाणं याला जास्त महत्त्व दिलं जातं. मांजरांचे केसही सहसा गळत नाहीत, गळल्याच तर मिशा. म्हणजे "केमो" हा शब्द ऐकताच नको म्हणू नये, आणि हो सुद्धा म्हणू नये. कुठला कॅन्सर ते आधी विचारावं.

रिपोर्टातला आकडा आणि ताटलीसमोरचं मांजर

किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. एकदा निकामी झालेली गाळणी परत येत नाही, उरलेल्या तिचंही काम ओढतात. ही ओढाताण इतकी बेमालूम चालते की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) हद्दीबाहेर जातं तोवर साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. एसडीएमए नावाची चाचणी याच्या बरीच आधी इशारा देते, म्हणून सात-आठ वर्षांवरच्या मांजराची ती करून घेतलेली बरी. आजाराच्या चार पायऱ्या मानतात. क्रिएटिनिन १.६ च्या आत असेल तर पहिली, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी, त्यावर चौथी. ठकीचं ३.४ होतं.

आम्ही त्या ३.४ च्या मागे लागलो. दर आठवड्याला रक्त. ३.१ आलं की घरात आनंद, ३.६ आलं की जेवण जात नसे. ठकीला या आकड्याचा पत्ताच नव्हता. तिला जे होत होतं ते वेगळंच. ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, जिभेने ओठ चाटायची, आवंढा गिळायची आणि तोंड फिरवून निघून जायची. आम्ही म्हणायचो, नखरे वाढलेत. ती मळमळ होती. रक्तात साठलेल्या कचऱ्याने तिला दिवसभर उमासे येत होते आणि आम्ही तिच्यासमोर पाच प्रकारचं खाणं मांडून दोष देत होतो.

मळमळ थांबवणारी औषधं आहेत, मॅरोपिटंट, ऑन्डान्सेट्रॉन. भूक लावायला मिर्टाझापिन. किडनीच्या आजारात मांजराला प्रत्यक्ष छळणाऱ्या गोष्टी या अशा असतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर साधा इलाज असतो. बीपी वाढलं तर मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. त्यावर आजोबा घेतात तीच अॅम्लोडिपिन, अगदी लहान तुकडा. पोटॅशियम घटलं तर मान खाली लोंबायला लागते, ते भरून काढता येतं. बद्धकोष्ठ होतं. रक्त कमी होतं. माझं मत असं की आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या आधी हे उपचार लावावेत. यांचा फायदा मांजराला त्याच आठवड्यात मिळतो, आणि खायला लागलेलं मांजर तसंही जास्त टिकतं.

(औषधाचं नाव वाचून घरच्या डब्यातलं काढू नका. मांजराचं यकृत माणसाच्या कितीतरी औषधांचा निचरा करू शकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते.)

आता खाण्याचं. किडनीसाठी वेगळं खाणं मिळतं, त्यात फॉस्फरस कमी असतो आणि ते खाणारी मांजरं जास्त जगतात हे खरं आहे. पण ते खाल्लं तर. ठकी पंधरा वर्षं मांदेली आणि बोंबील यांवर वाढलेली, तिने त्या खाण्याला पायाने माती ओढल्यासारखं केलं. आम्ही चार दिवस हट्ट धरला. मांजराच्या बाबतीत उपाशी ठेवून वठणीवर आणायचा हा हट्ट जिवावर बेततो. काही दिवस पोट रिकामं राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि नवाच आजार उभा राहतो. जाड मांजरांत तर फारच लवकर. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "अहो, जे खाईल ते द्या. न खाल्लेल्या पथ्याचा उपयोग शून्य." मग उकडलेली बिनमिठाची मांदेली, जमेल तेव्हा त्यात चमचाभर पथ्याचं खाणं, आणि खाण्यात मिसळायचं फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, अशी तडजोड झाली. सुकट मात्र बंद केली, त्यात मीठ फार.

भीतिदायक दिसतं ते नेहमी जड नसतं

घरी सलाईन लावायचं म्हटल्यावर माझे हात थरथरले होते. प्रत्यक्षात ते सोपं निघालं. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची, पडद्याच्या दांडीला टांगायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते, तिच्यात सुई. शिरेत नाही, नुसती कातडीखाली. शंभर मिली जायला पाच-सात मिनिटं. खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा छोटा उंचवटा येतो, मग तो ओघळत पुढच्या पायाकडे जातो आणि काही तासांत मुरून जातो. किती आणि कितीदा ते डॉक्टरच ठरवतात, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत साठतं. झोपलेल्या मांजराचे श्वास मोजायची सवय म्हणूनच लावून घ्या. मिनिटाला तीसच्या आत असावेत.

सलाईनच्या दुसऱ्या दिवशी ठकी गॅलरीत जाऊन बसली. त्या सुईने तिला दिवस परत दिला होता. मी ओट्यावर ठेवून लावायचे ते तिला आवडत नव्हतं, तिच्या गोधडीवर लावायला लागले तर ती चक्क डुलकी घ्यायची.

याच्या उलट उदाहरण सिरिंजने भरवण्याचं. दिसायला किती मायेचं, मांडीवर घेऊन बाळासारखं भरवणं. मळमळणाऱ्या मांजराला ते छळासारखं होतं. त्या खाण्याची त्याला शिसारी बसते, माणूस जवळ आला की पळतं, आणि घास श्वासनलिकेत जायची भीती निराळी. त्यापेक्षा मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी बघायला भयंकर असली तरी मांजराला फार हलकी जाते. थोड्या वेळाची भूल देऊन ती बसवतात, मग खाणं-औषधं सगळं तिच्यातून, तोंडाशी झटापट नाही. यकृतात चरबी साठलेल्या मांजराचा जीव तिने वाचतो आणि काही आठवड्यांनी ती काढून टाकता येते. त्याच नळीवर शेवटच्या टप्प्यातलं मांजर महिनोन् महिने ठेवायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. पुन्हा तेच, शेवट आहे का ते बघायचं.

दुखतंय हे कळतं कसं

मांजर कण्हत नाही. ते शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही असतं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या हाडीमाशी आहे. घुरघुरतंय म्हणजे खूश आहे, हेही धरून चालू नका. वेदनेतलं मांजरही घुरघुरतं. २०१९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. जागं आणि शांत असताना थोडा वेळ नुसतं बघायचं. कान बाजूला वळलेत का, डोळे किलकिले आहेत का, नाकाखालचा गुबगुबीत भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. दहापैकी चार झाले की वेदनाशामक लागतं. ज्या मांजराला आपण रोज बघतो त्याचं "काहीतरी वेगळं दिसतंय" हे याने शब्दांत मांडता येतं, डॉक्टरांना फोनवरही सांगता येतं.

बाकीच्या खुणा घरात विखुरलेल्या असतात. कपाटावर चढायचं सोडलं. पाठीच्या कण्यालगतचे केस गुंतले, कारण मान वळवून चाटणं होत नाही. मातीच्या ट्रेच्या बाहेरच शू केली, कारण ट्रेचा काठ ओलांडणं जड जातं. आणि वजन. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम घटलं तर ते साठ किलोच्या बाईचं सहा किलो घटण्यासारखं आहे. बाळांचा वजनकाटा असेल तर उत्तम.

या सगळ्याची बेरीज करायलाही एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये ती मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे, दहा म्हणजे उत्तम, शून्य म्हणजे फार वाईट. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर चाललंय ते ठीक. श्वासही यात वेदनेच्याच खान्यात मोजतात. सुरुवात करायला पद्धत चांगली आहे, पण बेरजेवर विसंबू नका. सहा गोष्टींना सात-सात दिले की बेचाळीस होतात, सातव्या खान्यात वेदनेला शून्य असलं तरी. आणि रात्रभर तोंड उघडून धापा टाकणाऱ्या मांजराची बाकीची बेरीज कशाला करायची?

म्हणून आम्ही साधे खाडेच मांडले. खाणं, ऊन, दार. या तीन गोष्टी ठकीच्या होत्या. तुमचा बोका कदाचित इस्त्रीच्या कपड्यांवर झोपत असेल किंवा पाल दिसली की ठाण मांडत असेल, त्याच्या तीन गोष्टी तुम्हालाच माहीत. त्या मांजर बरं असताना लिहून काढा, आणि हद्दही तेव्हाच ठरवा. आम्ही जुलैत ठरवलं होतं: आठवड्यात चार खाडे झाले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना बोलवायचं. धाप, आकडी किंवा औषधाने न थांबणारं दुखणं आलं तर खाडे मोजत बसायचं नाही. आधी ठरवायचं कारण एवढंच की वेळ आल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. शिवाय विझणारा दिवा मोठा होतो. शेवटी शेवटी एखाद्या दिवशी मांजर उठून पोटभर खातं आणि अख्खं घर निर्णय पुढे ढकलतं.

पैशाचंही आधीच बोलून घ्यावं. महिन्याला किती झेपेल हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं तर त्या रकमेत मांजराला जास्तीत जास्त आराम कशाने मिळेल ते त्या सांगू शकतात. दर आठवड्याचं रक्त बंद केल्यावर आमचा खर्चही कमी झाला आणि ठकीच्या गाडीतल्या फेऱ्याही.

काशीचं सोन्याचं मांजर

घरात खरा खटका उडाला तो दयामरणावरून. सासूबाई म्हणाल्या, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं. लहानपणापासून ऐकलेलं, मलाही आतून लागलं. डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त काय होतं ते सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, पाच-दहा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस शिरेतून, आणि झोपेतच हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, मिटत नाहीत. नंतर एखादा आचका येऊ शकतो, शू होते. ते दुखणं नव्हे, पण आधी माहीत नसेल तर बघणारा जन्मभर विसरत नाही. आणि किडनी पूर्ण थांबल्यावर "आपोआप" येणारं मरण कसं असतं तेही त्यांनी सांगितलं: उलट्या, तोंडात व्रण, कधी झटके, कधी दिवसचे दिवस. सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मांडीवर घेता येईल ना?"

येतं. घरी येणारे डॉक्टरही मिळतात, त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवावा. पुढची सोयही आधी विचारून ठेवावी. मुंबईत मालाडला २०२३ पासून महापालिकेची गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनवाहिनी आहे. घरात दुसरं मांजर असेल तर त्याला जवळ येऊन वास घेऊ द्यावा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन हिरव्या फुल्या. दुसऱ्यात तीन. सलाईनची बाटली दिसली की ती आता धडपडत पलंगाखाली जायला लागली, तेव्हा आम्ही सलाईन थांबवलं आणि मळमळीचं औषध तेवढं ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारपर्यंत चार झाल्या. शुक्रवारी तिने अर्धी मांदेली खाल्ली. नवरा म्हणाला, बघू या का अजून? मी कॅलेंडरकडे बघितलं, त्यानेही बघितलं.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, उद्या दुपारी येऊ की संध्याकाळी. आम्ही संध्याकाळी या म्हटलं. गॅलरीत ऊन साडेचारपर्यंत असतं, तिथवर उचलून नेलं असतं तर ती बसली असती.